फक्त नावांचा रकाना

मी चिडकी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला धक्का बसायला नको. आई म्हणायची, हिच्या नाकावर राग नुसता बसत नाही, बिऱ्हाड करून राहतो. आई गेली, बिऱ्हाड तिथंच आहे.

हैद्राबादला बरकतपुऱ्यात आम्ही दोघंच राहतो, मी आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. मी लग्न केलं नाही, तो विषय वेगळा. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मोठमोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवरचा मजकूर कोणी बदलायचा, कोणी तपासायचा, कोणी अडवायचा, याची व्यवस्था मी लावून देते. पाहुणे विचारतात, मुलगी काय करते? अण्णा सांगतात, "लोकांच्या पाट्या पुसून नव्या लिहायची सोय करते." आधी मला याचा राग यायचा. मग लक्षात आलं, इतकं सोपं करून मला स्वतःलासुद्धा कधी सांगता आलेलं नाही.

अण्णा सचिवालयातून रिटायर झाले. सुलतान बाजारात आमच्या मराठी मंडळाचा हॉल आहे, आणि मंडळाची एक वेबसाइट आहे. तिच्यावर सभासदांची नावं, कोणाचा वाढदिवस, हळदीकुंकू कधी, व्याख्यान कधी, आणि एक श्रद्धांजलीचं पान. हे सगळं अण्णांच्या हातात. हातात म्हणजे ते सांगायचे आणि मी रविवारी टाइप करायची, तोंडानं कुरकुरत.

आई गेल्यावर पहिले काही महिने अण्णा दुपारपर्यंत अंथरुणातच असायचे. दाढी वाढलेली, उशाशी चहाचा कप, त्यावर साय धरलेली. मी ओरडायची, रडायची, शेजारच्या रेड्डी अम्मांना आणून बसवायची, काही उपयोग नाही. मग एकदा मंडळातून कोणाचा तरी फोन आला, की साइटवर अजून मागच्या वर्षीचीच कोजागिरी दिसते, काय परेशानी आहे? त्या दिवशी अण्णा उठले, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि जेवणाच्या टेबलाशी फोन घेऊन बसले. "हॅलो, मंडळातून बोलतोय." तेव्हापासून रोज तेच. त्या कामासाठी ते उठतात. ते काम गेलं तर ते पुन्हा त्या अंथरुणात जातील, हे मला पक्कं ठाऊक होतं. एवढ्यासाठी तरी मी जरा शहाणपणानं वागायला हवं होतं.

मंडळाच्या सेक्रेटरींचं बेगम बाजारात हळद-मिरचीचं ठोक दुकान आहे. मूळचे मराठवाड्यातले शेतकरी, माणूस दिलदार, पण बोलण्यात दुकानाची घाई. ते एका मीटिंगमध्ये म्हणाले, "ताई, अण्णांचं वय झालं. एकेक बातमी पंधरा पंधरा दिवसांनी चढते. साइट बाहेरच्या पोरांना देऊन टाकू, काइकू डोक्याला ताप?" अण्णा शेजारीच बसले होते. ते चष्मा काढून पुसायला लागले. मीच म्हणाले, "मी सोपं काहीतरी बसवून देते, अण्णा स्वतः करतील, रोजच्या रोज." सेक्रेटरी म्हणाले, "हौ, बघा. जमलं तर ठीक. नाही जमलं तर बाहेर देऊ." ठरलं.

आता सोपं म्हणजे काय, हे ठरवायचं माझ्याकडे. आणि मी काय केलं? आमच्या ऑफिसात मोठ्या गिऱ्हाइकांना देतो तशीच व्यवस्था आणून घरात बसवली. लॉगिन, पासवर्ड, फोनवर येणारा आकडा, डाव्या बाजूला बटणांची रांग, मसुदा, मंजुरी, प्रसिद्धी. मला वाटलं, मंडळातले लोक बघतील आणि म्हणतील, काय पोरगी आहे! खरं सांगायचं तर एवढंच होतं मनात. अण्णा पासवर्ड टाकेपर्यंत फोनवरच्या आकड्याची मुदत संपायची. परत आकडा मागवेपर्यंत कोणा सभासदाचा फोन यायचा. बोलणं संपेपर्यंत व्यवस्था त्यांना बाहेर काढून दार लावायची.

एक दिवस ऑफिसातून आले तर अण्णा टेबलाशीच. म्हणाले, "हळदीकुंकवाची सूचना सकाळी पाठवली आहे. अजून मंजुरी आली नाही."

"कोणाची मंजुरी?"

"तुझी," ते म्हणाले.

जन्मभर दुसऱ्यांचे कागद मंजूर करणारा माणूस, सकाळपासून लेकीच्या मंजुरीची वाट बघत बसला होता. मला खरं तर तिथंच मान खाली घालावीशी वाटायला हवी होती. पण मला आला राग. "मग फोन करायचा ना अण्णा! मी काय तिथं बसून हेच बघते का?" ते म्हणाले, "तू कामात असशील म्हणून नाही केला."

दुसऱ्याच दिवशी तो सगळा पसारा काढून टाकला आणि एक साधा तक्ता बनवला. वर मराठीत मथळे: नाव, जन्मदिवस, आणि तिसऱ्या रकान्यात 'आहेत' किंवा 'दिवंगत'. सूचनांसाठी शेजारी दुसरा तक्ता. ओळ भरली की साइट आपोआप बदलणार. ज्याचा वाढदिवस असेल त्याचं नाव सकाळी पहिल्या पानावर फुलांच्या चौकटीत, खाली 'जीवेत शरदः शतम्'. ज्याच्यापुढे 'दिवंगत' असेल तो श्रद्धांजलीच्या पानावर, समईच्या चित्राखाली. पासवर्ड नाही, मंजुरी नाही. अण्णांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "हात्तिच्या! हा तर आमचा हजेरीपट. हे आधी का नाही दाखवलंस?"

मग काय विचारता. अण्णांनी झाडून सगळ्या सभासदांना फोन लावले. हैद्राबादच्या जुन्या मराठी माणसांना जन्मतारीख विचारणं म्हणजे सोपं काम नाही. कोणी सांगणार, ऋषिपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. कोणी शाळेचा जुना दाखला काढून वाचणार, त्यावर निजामाच्या काळातलं फसली साल आणि अमरदाद महिना. अण्णा तसंच्या तसं 'अमरदाद' लिहायचे आणि तक्ता लाल व्हायचा. मग जुन्या जंत्र्या घेऊन बसायचे आणि त्याचा जून-जुलै करून आणायचे. त्यांचा आवाज बदलला होता. रेड्डी अम्मा मला जिन्यात म्हणाल्या, तुझे अण्णा परत बोलायला लागले.

एक ओळ मात्र त्यांनी भरली नाही. "आईची एवढी ओळ तू भर," म्हणाले. मी नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि तिसऱ्या रकान्यात 'दिवंगत' निवडलं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला म्हणून मी उठले.

पुढे मानापमान निघाला. मराठी मंडळ म्हटल्यावर तो निघणारच. एका बाईंना राग आला, की आमचं नाव यादीत अमक्यांच्या खाली का? आम्ही काय कमी आहोत? अण्णा म्हणाले, यावर जुना उपाय आहे, नावं अकारविल्हे लावायची, मग कोणाचं काही चालत नाही. मला विचारलं, तक्त्यात तसं होतं का? मी कानात तारा घालून मीटिंगमध्ये होते. आवाज बंद करून म्हणाले, "नावांचा रकाना निवडा आणि 'क्रम लावा' दाबा. साधं आहे हो." आणि परत मीटिंगमध्ये गेले.

त्यांनी अगदी तेच केलं. नावांचा रकाना निवडला, फक्त नावांचा, आणि क्रम लावला. नावं छान अ-आ-इ-ई लागली. शेजारच्या तारखा आणि 'आहेत', 'दिवंगत' होते तिथंच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उभ्या उभ्या चहा पीत होते. अण्णा आंघोळ करून, शर्ट घालून समोर बसलेले. त्यांनी आपला फोन माझ्याकडे सरकवला. "बघ बरं साइट." मी अंगठ्यानं खालपर्यंत नेलं, वर आणलं. पान उघडतंय, चित्रं दिसतायत, अक्षरं फुटलेली नाहीत. "फर्स्टक्लास दिसतंय अण्णा."

"नीट पाहिलंस?"

"हो हो, पाहिलं की." कप सिंकमध्ये टाकला आणि निघाले.

दुपारी ऑफिसात फोन आला. आमच्या मंडळात एक काकू आहेत, शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या, सुलतान बाजारातच राहतात. पुढच्या महिन्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन, हॉल सजवायचं चाललेलं. त्यांच्या सुनेचा फोन. "अहो, तुमच्या साइटवर आमच्या सासूबाई वारल्यात! पुण्याहून नणंद हंबरडा फोडून रडतेय, आणि ह्या इथं माझ्यासमोर भाकरी खातायत!"

मी श्रद्धांजलीचं पान उघडलं. समईखाली काकू. त्यांच्याखाली सेक्रेटरी. त्यांच्याखाली अर्धी कार्यकारिणी. मग कळलं, की बेगम बाजारात दोघं जण तोंडं पाडून सेक्रेटरींच्या दुकानात सांत्वनाला गेले होते आणि सेक्रेटरीच गल्ल्यावर बसून त्यांना काय हवं-नको ते विचारत होते. आता सांगताना हसू येतं. तेव्हा कानशिलं तापली होती. माझ्याच ऑफिसात बसून, याच कामाचा पगार घेणारी मी, आणि माझ्या घरच्या साइटनं जिवंत माणसं मारली होती. तक्त्याची कालची प्रत परत आणली, साइट ताळ्यावर आली, आणि मी घरी गेले ती फणफणतच.

काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "एक ओळ तपासून बघता येत नाही? जन्मभर सचिवालयात फायली अशाच सांभाळल्यात का?" एवढं नक्की बोलले. अण्णा ऐकून घेत होते. एकदा त्यांनी तोंड उघडलं, "अगं, पण सकाळी तू—" आणि मी म्हणाले, "माझं काय आता मध्ये!"

रविवारी हॉलमध्ये मीटिंग. काकूसुद्धा आल्या. दोघांनी हात देऊन त्यांना जिना चढवला, पायरी-पायरीला थांबत. सेक्रेटरी उभे राहिले. "झालं ते झालं," म्हणाले, "मेल्याची बातमी आली की आयुष्य वाढतं म्हणतात, तेव्हा आपण सगळे शंभरी गाठणार. पण ताई, हे चालायचं नाही. श्रद्धांजली एक वेळ सोडा, पण त्या वाढदिवसाच्या चौकटीत तर—" एवढं बोलून त्यांनी अण्णांकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं. दोनतीन जणांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, त्या दिवशी आमच्यातल्या ज्या डॉक्टरांचा खरा वाढदिवस होता ते समोर बसलेत, म्हणून थांबले असतील. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे होतं, की आता हे म्हणणार, अण्णांचं डोकं चालत नाही. आणि मला हेही कळत होतं की ते तसं म्हणाले तर मला लोकांपुढे तोंड दाखवायची सोय उरणार नाही. बापाची लाज वाटत होती मला. भर हॉलमध्ये, त्यांच्या शेजारी बसून.

मी उठले. "चूक माझी आहे," मी म्हणाले. "रकाना मीच हलवला. अण्णांनी हातसुद्धा लावला नव्हता."

फार उदार झाल्यासारखं वाटलं मला, दोन क्षण.

"खोटं बोलू नकोस," अण्णा बसल्या जागेवरून म्हणाले. मग उठून उभे राहिले. "मी केलं. माझ्या हातानं केलं. मंडळाला वाटत असेल की मला हे काम झेपत नाही, तर मंडळानं ते काढून घ्यावं. पण मला पाठीशी घालायला माझी मुलगी नको."

मला बसावं की उभं राहावं कळेना. आणि गंमत बघा, मी जे खोटं म्हणून बोलले होते ते तसं खरंच होतं. तो रकाना निवडा म्हणून मीच सांगितलं होतं. पण हे मला तेव्हा सुचलंच नाही.

काकूंनी काठी जमिनीवर आपटली. "मला बोलू द्या जरा. मेलेल्यांत माझं नाव पहिलं होतं, तेव्हा पहिला हक्क माझा." लोक हसले. "परवा गच्चीवर गेले होते. कावळा डोक्याला पंख मारून गेला. आमच्या घरी कावळा शिवला की मेल्याची खोटी बातमी धाडतात. नात्यातलं कोणी रडलं की गंडांतर टळतं. सुनेला म्हटलं, कळव कोणाला तरी. तिला मेलीला असला फोन करायची लाज वाटत होती. अण्णांनी परस्पर काम केलं. पोरगी पुण्यात भरपूर रडली, मला बरं वाटलं. आता यात अण्णांचं काम कशाला काढता?"

एक जिना चढायला दोन माणसं लागणाऱ्या काकू गच्चीवर कशाला जातील? हॉलमधल्या प्रत्येकाला हे कळत होतं. सेक्रेटरी हसले, कानाला हात लावला आणि म्हणाले, "काकू, तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार? नक्को बाहेरची पोरं. अण्णांकडेच राहू द्या." अण्णांनी काकूंना वाकून नमस्कार केला. मी जे पोटच्या पोरीनं करायचं ते करायला निघाले होते आणि खोटं बोलून बसले होते. काकूंनीही खोटंच सांगितलं, पण त्यांच्या खोट्यानं अण्णांची मान वर राहिली.

परतताना आम्ही ऑटो केला. अण्णा बाहेर बघतच म्हणाले, "खोटं कशाला बोललीस?"

"तुमची फजिती होऊ नये म्हणून."

"माझी, की तुझी?"

मी पर्समध्ये ऑटोचे सुटे पैसे शोधायला लागले.

"मला त्या दिवशी सकाळीच दिसलं होतं," ते म्हणाले.

"काय दिसलं होतं?"

"फुलांच्या चौकटीत तुझ्या आईचं नाव होतं. आज वाढदिवस. जीवेत शरदः शतम्." ऑटोच्या आवाजात मला त्यांच्याकडे वाकावं लागत होतं. "तेव्हाच कळलं मला, रकाना चुकलाय."

"मग मला सांगितलं का नाही तुम्ही?"

"फोनच दिला की तुझ्या हातात. नीट पाहिलंस का म्हणून विचारलंसुद्धा. तू म्हणालीस, फर्स्टक्लास दिसतंय."

मी ती सकाळ आठवत होते. मी ती चौकट पाहिली होती. फुलं नीट दिसतायत का, अक्षरं फुटली आहेत का, सगळं पाहिलं होतं.

"मला वाटलं, संध्याकाळी येऊन तरी बघेल," अण्णा म्हणाले. "म्हणून तसंच राहू दिलं. बाकीच्यांची नावंही हलली असतील हे सुचलं नाही. ते श्रद्धांजलीचं पान मी उघडत नाही."

सेक्रेटरींनी ते नाव पाहिलं होतं. हॉलमध्ये माना खाली घातलेल्या त्या दोघातिघांनी पाहिलं होतं. मसाल्याच्या दुकानात बसून परक्या माणसानं माझ्या आईचं नाव वाचलं, आणि मी तिची मुलगी, मी अक्षरं फुटली नाहीत एवढंच पाहिलं. मला रडू आलं. अण्णांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि ऑटोवाल्याला म्हणाले, "बस भई, यहीं रोक दो."

घरी आल्यावर मी तक्त्याला कुलूप लावलं. आता एकटा रकाना हलत नाही, हलली तर सगळी ओळ हलते. अण्णा म्हणाले, बरं झालं. काम त्यांचं चालू आहे. काकूंचं सहस्रचंद्रदर्शन थाटात झालं, फोटो अण्णांनीच त्याच दिवशी चढवले.

रोज सकाळी ते फोन माझ्याकडे सरकवतात आणि म्हणतात, "बघ बरं." मी खुर्ची ओढून बसते आणि चौकटीतलं नाव मोठ्यानं वाचते. मग पुढचं पान उघडते, समईखालची सगळी नावं वाचते, आईचंसुद्धा. अण्णा ऐकत असतात. नीट पाहिलंस का, असं ते मला आता कधी विचारत नाहीत. त्यांनी विचारावं म्हणून मी थोडा वेळ थांबते, आणि मग फोन परत देते.